क्वाइट म्हणजे किती?

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी, त्यांच्या लाल शाईला पन्नाशी उलटल्यावरही भिणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठणठणीत. तिकडची खुशाली मामींकडून कळत असते (तुमच्याकडून फक्त दुरुस्त्या कळतात). गुडघा कसा आहे? मामी म्हणतात, तो हल्ली तुमचंही ऐकत नाही. जन्मभर वर्गाला इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या वाट्याला एक तरी न ऐकणारा विद्यार्थी यायचाच, तो घरातूनच निघाला एवढंच. शेक चालू ठेवावा आणि त्याला रागावू नये.

तुमचा तीन शब्दांचा निरोप फोनवर पोहोचला. मी कळवलं होतं की मावशी लग्न करायचं म्हणते आहे, तिच्या घराखालच्या घड्याळवाल्यांशी, आणि त्यावर तुमचं उत्तर आलं, 'क्वाइट अगेन्स्ट इट'. एका ओळीच्या बातमीला तीन शब्दांचं उत्तर हा न्यायच झाला, मला तक्रार नाही. पण मामा, जगात एवढे शब्द असताना तुम्हाला नेमका 'क्वाइट'च सापडावा? या एका शब्दाने इथे असा धुमाकूळ घातला होता की तो पुन्हा दारात उभा राहिलेला पाहून मी आधी कोश उचलून माळ्यावर टाकला. मावशी तुमच्या मनाविरुद्ध पाऊल टाकायची नाही हे तुम्ही जाणता. तिचं सगळं आता तुमच्यावर अडलं आहे. म्हणून झाली हकीकत पहिल्यापासून लिहितो. चष्मा लावून, बसून वाचावी. लाल पेन जवळ घेतलंत तरी चालेल.

काका गेल्यापासून मावशी त्या वरच्या मजल्यावर एकटीच राहते. (तुम्हाला हे माहीत आहे, पण मागच्या खेपेला जिना नको म्हणून तुम्ही रस्त्यावरूनच बोलून गेलात, तेव्हा वरची परिस्थिती पुन्हा सांगणं भाग आहे.) खोल्या दोन, खिडक्या तीन, आणि समोरच्या भिंतीवर काकांनी आणलेलं ते लंबकाचं घड्याळ. गेल्या वर्षी ते मागे पडायला लागलं. जिने उमेदीची सारी वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात नाड्या मोजण्यात घालवली, तिच्या डोळ्यांदेखत घड्याळाने रेंगाळावं हे तिला सोसण्यासारखं नव्हतं. तिने ते स्वतः उतरवलं आणि खालच्या दुकानात नेऊन दिलं, पेशंट भरती करावा तसं, लक्षणांसकट.

आता घड्याळवाल्यांविषयी. गृहस्थ मावशीच्याच वयाचे, पत्नी जाऊन बराच काळ झालेला, मुलगी सासरी सुखात. अंगावर नेहमी इस्त्रीचा सदरा आणि एका डोळ्याला भिंग. भिंग न काढताच बोलण्याची सवय असल्यामुळे समोरच्याला आपल्यातच काही बिघाड आहे असं वाटत राहतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि टिकटिकणारी भिंत. बोलणं इतकं जपून की पुष्कळदा मूळ मुद्दा शिल्लकच राहतो. त्यांनी घड्याळ लगेच दुरुस्त केलं, वर आणून टांगलं, आणि मग दर आठवड्याला ते पाहायला येऊ लागले. घड्याळाला भिंत मानवावी लागते, त्याला वेळ लागतो, असं त्यांनी सांगितलं. मोठमोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी 'हे काय लिहिलंय?' म्हणून परत पाठवणाऱ्या आपल्या मावशीने हे निदान चकार शब्द न काढता मान्य केलं. आम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण आम्ही भाषेतली माणसं, शब्द कानावर पडेपर्यंत आम्हाला काही कळत नाही.

तो शब्द एका संध्याकाळी पडला. घड्याळ पाहून झालं, चहा घेऊन झाला, घड्याळवाले उठले, दारापर्यंत गेले, वळले आणि लंबकाकडे बघत इंग्रजीत म्हणाले, "सिस्टर, आय ॲम क्वाइट फाँड ऑफ यू." लगेच मराठीत आले, पुढच्या आठवड्यात तेल घालावं लागेल म्हणाले आणि जिना उतरून गेले.

('सिस्टर' या संबोधनावर तुमची भुवई वर गेली असणार. माझीही गेली होती. पण मावशीला अख्खी गल्लीच सिस्टर म्हणते, आणि तिच्या दृष्टीने तो हुद्दा आहे, नातं नव्हे. त्या वाक्यात आक्षेपार्ह शब्द भलताच निघाला.)

आपल्या माणसांची ही एक गंमतच आहे, मामा. भांडायचं असलं की मराठी कशी खळाळून वाहते, पण मनातलं सांगायची पाळी आली की शेजाऱ्याची छत्री मागावी तशी इंग्रजी मागून आणतो. आणि उसनी छत्री कुठे गळते हे ऐन पावसात उघडल्याखेरीज कळत नाही. मावशीने दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. प्रश्न सरळ होता. "फाँड कळलं. क्वाइट म्हणजे किती?"

किती, असं विचारलं तिने. कसं किंवा काय नव्हे. औषध पाजणाऱ्या हाताला प्रत्येक शब्दाचं माप लागतं.

आता मला इंग्रजी किती येतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? माझा जन्म संस्कृतच्या धातू आणि विभक्त्यांत गेला, आणि पोटासाठी मी छापखान्यात औषधांच्या खोक्यांतल्या घड्या घातलेल्या कागदांची मुद्रितं तपासतो (ते बारीक अक्षर जगात दोघंच वाचतात, एक मी आणि दुसरा घाबरलेला पेशंट). तरीही प्रश्न भाषेचा, आणि घरातला भाषेचा अधिकारी मी, म्हणून मोठ्या दिमाखात कोश उघडला. आपल्या तोंडी 'क्वाइट' नावाचे दोन शब्द आहेत, त्यांच्या स्पेलिंगात शेवटची दोन अक्षरं फक्त जागा बदलून बसतात, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. पहिला सापडला तो घेतला. शांत, निवांत, गाजावाजा न करणारा. मावशीला सांगितलं, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की कुठलाही गाजावाजा न करता तुम्ही मला आवडता.

मावशीने थोडा विचार केला. म्हणाली, "माणूस तसाच आहे." आणि मला आपणहून दुसरा कप चहा दिला. तुमची बहीण दुसरा कप कोणाला देते ते तुम्ही जाणता.

त्यानंतरचे दिवस, मामा, आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगे होते. मावशीने कोणालाही ओरडणं बंद केलं. कोपऱ्यावरच्या वाण्याने तिची प्रकृती विचारली. तिने खिडकीचे पडदे धुतले, इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून कपाटात पडून असलेली मनगटी घड्याळं काढली आणि एकेक करून बंद पाडून खाली दुरुस्तीला दिली. (हे मला घड्याळवाल्यांनी पुढे सांगितलं. बिघाड हाताने केलेला आहे हे भिंगातून दिसतंच म्हणे. ते काही बोलले नव्हते.)

एवढ्यात छापखान्यात एका दुखण्यावरच्या गोळ्यांचा कागद आला. मूळ इंग्रजीत ही गोळी 'क्वाइट सेफ' होती, आणि अनुवादकाने मराठीत लिहिलं होतं, 'ही गोळी शांत व सुरक्षित आहे'. मी हसून ते खोडलं. खोडता खोडता माझं हसू आटलं. कोश पुन्हा काढला, या वेळी अक्षरं बोट ठेवून मोजली. तर या दुसऱ्या क्वाइटला अर्थही दोन. एक, पूर्णपणे, सर्वस्वी. दुसरा, बऱ्यापैकी, तसा ठीक.

मी कोश मिटून बसून राहिलो. आमच्या संस्कृतात असला प्रकार नाही, असं मी तिथल्या तिथे शेजारी अक्षरं जुळवत बसलेल्या जुळाऱ्याला ऐकवलंसुद्धा. जास्त सांगायला अति आहे, परम आहे, नितांत आहे. कमी सांगायला किंचित आहे, ईषत् आहे. एकाच शब्दाने शिगोशीगही म्हणायचं आणि तळाशी थोडंसंही म्हणायचं, ही कुठली रीत? जुळारी बरं म्हणाला. घरी जाताना मात्र वाटेतच मला आपला 'आ' आठवला. आजन्म म्हणताना तो सगळा जन्म व्यापतो, आणि आरक्त म्हणताना नुसती लालीची छटा देतो. म्हणजे आमच्याही घरात तेच. जुळाऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. पण मुद्रितं तपासणाऱ्याला चूक दिसली की हात शिवशिवतो. मी तसाच मावशीकडे गेलो आणि झाल्या अर्थाची दुरुस्ती सांगून टाकली. दोन्ही अर्थ सांगितले, प्रामाणिकपणे, क्रमाने. मावशीने दोन्ही ऐकले आणि दुसरा धरला. तिचं शास्त्र सरळ आहे. मात्रेबद्दल शंका असली तर कमी मात्रा धरायची.

"बऱ्यापैकी," ती म्हणाली. "बऱ्यापैकी ताप असतो. बऱ्यापैकी झोप लागते. माणूस बऱ्यापैकी आवडतं होय?"

मग तिने पडदे ओढून घेतले, स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि माझ्याच हाती खाली पाठवलं. निरोप असा की भिंतीला ते मानवलं नाही.

(तुमची भाचेसून त्या दिवशी मला जे म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. त्याचा सारांश, शुद्धिपत्र काढायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?)

मी घड्याळ कडेवर घेऊन दुकानात गेलो. घड्याळवाल्यांनी निरोप ऐकला आणि भिंग काढून ठेवलं. मामा, त्या माणसाचे दोन्ही डोळे मी तेव्हा प्रथमच पाहिले. मी आडवळणाने विचारलं की तुम्ही जो एक शब्द वापरलात तो कोणत्या अर्थी? त्यांना वाटलं मी भांडायला आलो आहे. मग हळूहळू उलगडलं. त्यांचं इंग्रजी सगळं घड्याळांच्या माहितीपत्रकांतलं. तिथे सर्वात उंची घड्याळाविषयी काय लिहिलेलं असतं? 'क्वाइट ॲक्युरेट'. व्हेरी हा शब्द स्वस्तातल्या घड्याळांना लावतात. व्हेरी त्यांना दुकानाच्या पाटीसारखा वाटतो, लांबून दिसावा म्हणून लिहिलेला. त्यांना 'अगदी' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, मग अगदीच म्हणायचंत. मराठीत काय हरकत होती?

"मराठीत म्हटलं असतं आणि त्यांना रुचलं नसतं, तर मला परत वर जाता आलं नसतं," ते म्हणाले. "इंग्रजीत असलं की चुकून बोललो म्हणता येतं."

मी त्यांना म्हटलं, चला. घड्याळ त्यांनी उचललं, मी मागून चाललो. मावशीने दार उघडलं, आम्हा दोघांना आणि घड्याळाला पाहिलं आणि या म्हणाली नाही, पण दारही लोटलं नाही. घड्याळवाले उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "सिस्टर, त्यातलं क्वाइट काढून टाका. बाकीचं तसंच ठेवा."

"ते काढलं तर उरतं काय?"

"अगदी तेच," घड्याळवाले म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

मावशीने आधी घड्याळ जागेवर लावून घेतलं (जड आहे, हात दुखतील, एवढंच म्हणाली). ते लावत असताना, त्यांची पाठ तिच्याकडे असतानाच, ती म्हणाली, "मलाही तुम्ही बरे वाटता." तिचा चेहरा आरक्त झाला होता. 'आ' कोणत्या अर्थी ते मी पाहिलं नाही, मी खिडकीतून खालची रहदारी बघत होतो.

आता सगळं जमलं असं मी धरून चाललो. पण जिना उतरताना घड्याळवाल्यांनी मला मध्येच थांबवलं आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारलं, "बरे म्हणजे किती?"

मी त्यांना तिथेच कठड्याला टेकून समजावलं. म्हटलं, आमच्या मावशीच्या कोशात बरं याच्यावर शब्दच नाही. तिच्या निरोपसमारंभाला सगळा वॉर्ड रडला, डॉक्टरांनी वाकून नमस्कार केला, त्यावर तिचा अभिप्राय होता, कार्यक्रम बरा झाला. शिवाय ती इस्पितळातली. तिच्या धंद्यात माणूस बरा झाला की आणखी काही व्हायचं शिल्लक राहत नाही. घड्याळवाल्यांनी हे मन लावून ऐकलं, आणि उरलेला जिना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने उतरले.

नंतर दोघांनी नोंदणी कचेरीत जाऊन साधेपणाने लग्न करायचं ठरवलं, मी तुम्हाला कळवलं आणि तुमचा निरोप आला. मावशीने तो चष्मा पुसून वाचला. क्वाइटपाशी थांबली. मग म्हणाली, दादाला नको असेल तर राहू दे. फोन माझ्याकडे परत दिला आणि नाडी मोजायच्या आपल्या जुन्या मनगटी घड्याळाला चावी देत बसली. ते चावीचं नाही, सेलवर चालतं.

तुम्हाला काही सुचवण्याइतका मी मोठा झालेलो नाही. लोक काय म्हणतील ही तुमची चिंता रास्त असेल. इथले लोक काय म्हणतात ते मात्र मी ऐकलं आहे. वाणी म्हणाला, सिस्टर हल्ली ओरडत नाहीत, असंच चालू द्या.

मामींना नमस्कार सांगावा. गुडघ्याला माझी विचारपूस कळवावी.

आपला आज्ञाधारक (बऱ्यापैकी),
भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. सुट्टीत मला शिकवायला बसवून तुम्ही याच शब्दाचा एक नियम घटवून घेतला होता, तो काल अचानक आठवला. ज्या गोष्टीला पायऱ्या नसतात तिथे क्वाइट म्हणजे पूर्णपणे. मेलेला, अशक्य, रिकामा. मेलेला तो मेलेला, थोडा मेलेला नसतो. आणि जिला पायऱ्या असतात, थंड, लांब, अवघड, तिथे क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. नियम तुमचा आहे, मी फक्त पाठ केला. तेव्हा मी तो मावशीपुढे ठेवला आणि विचारलं, तुझ्या दादांच्या विरोधाला पायऱ्या आहेत का?

ती हसायला लागली. म्हणाली, मी सायकल शिकायचं म्हटलं तेव्हा दादा पहिल्यांदा म्हणाला, मुळीच नाही. मग म्हणाला, शीक, पण अंगणाबाहेर नेलीस तर बघ. मग म्हणाला, रस्त्यावर नेणारच असशील तर ब्रेक मी तपासणार. आणि शेवटी सीट धरून माझ्यामागे रस्ताभर पळत होता. मी पुढे गेले, त्याचा हात केव्हाच सुटला होता, तरी मागून ओरडत होता, "धरलंय, धरलंय."

सबब मामा, तुमच्या विरोधाला पायऱ्या आहेत, साक्षीदार हयात आहे, आणि तुमच्याच नियमाने तुमचा निरोप 'बऱ्यापैकी विरोध' असा लावण्यात आला आहे. बऱ्यापैकी सोडून जो भाग उरतो तो आम्ही संमती म्हणून जमा धरला. तेवढा पुरतो आहे. लग्न येत्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी. कचेरी तळमजल्यावर आहे, मी स्वतः जाऊन पाहून आलो, एकही पायरी नाही. गुडघ्याला सबब उरलेली नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मावशीने मागून घेतलं आणि सगळं वाचलं. म्हणाली, बरं लिहिलंयस. (वर मी तिच्या कोशाविषयी जे लिहिलं आहे ते कृपया पुन्हा वाचावं.) तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, जसाच्या तसा देतो. "दादाला म्हणावं, सीट धरायला ये. हात सोडलास तरी सांगू नकोस."

ता. क. तिसरा. उत्तर मराठीत पाठवावं.